‘देईन’ आणि ‘हमी देतो’: घटस्फोटानंतरच्या वसुलीचं एक प्रकरण

मार्चमधली दुपार होती. ताई माझ्या वकिलीच्या ऑफिसात आल्या तेव्हा एकट्या नव्हत्या. भाऊ, मामा आणि एके काळी सरपंच राहिलेले एक पाहुणे असा लवाजमा होता. बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भाऊ दारातच उभा राहिला. मामांनी पाणी प्यायच्या आधीच विषय काढला, "मॅडम, अवमानाची केस टाका. एकदा आत गेला की घरचे पैशे घेऊन पळत येतेत का नाही बघा."

ताईंनी पिशवीतून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या निकालाची, नक्कल काढून टेबलावर ठेवली. ती उघडायचीही मला गरज नव्हती. वीस महिन्यांपूर्वीचं त्यातलं तडजोडपत्र माझ्याच कॉम्प्युटरवर टाईप झालं होतं. त्यात काय आहे हे मला पाठ होतं आणि काय नाही हे त्या क्षणी आठवलं.

ओळख पटू नये म्हणून रकमा आणि नाती थोडी बदलून लिहिते. गाव लातूर जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. त्यांना इथे ताई म्हणते. नवऱ्याला मालक म्हणते, कारण ताई शेवटपर्यंत तसंच म्हणत राहिल्या. घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली तरी "मालकानं फोन उचलला नाही", "मालकाचा ऊस गेला".

अकरा वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीचा अर्ज वरिष्ठ स्तर न्यायालयात झाला. तडजोड अशी होती: कायमस्वरूपी पोटगीपोटी एकरकमी २१ लाख, त्यातले ६ लाख हुकूमनाम्याच्या दिवशी, ७ लाख सहा महिन्यांनी, ८ लाख वर्षानं. शिवाय लातूर शहरातलं दोन खोल्यांचं घर मालकांनी तीन महिन्यांत ताईंच्या नावे करून द्यायचं. घरात ताई आधीपासून राहतच होत्या. दागिने परत आले होते. ६ लाखांचा डिमांड ड्राफ्ट न्यायाधीशांसमोर हातात पडला, सगळ्यांनी सह्या केल्या. मालकांचे चुलते तर म्हणाले की कोर्टात भांडण असं गोडीनं मिटलेलं पहिल्यांदाच बघतोय.

पुढे ७ लाखांच्या जागी १ लाख आला, तोही फोनपेवर दोन तुकड्यांत. ८ लाख आलेच नाहीत. घराचं "या महिन्यात रजिस्ट्रीला येतो" असं करत वर्ष गेलं. मधल्या काळात ताई माझ्याकडे का आल्या नाहीत, याचं उत्तर मामांनीच दिलं. दोन बैठका झाल्या होत्या, एक मालकांच्या गावी आणि एक अंबाजोगाईला एका नातेवाइकाकडे. दोन्हीकडे चहा झाला, तारखा ठरल्या, त्या पाळल्या गेल्या नाहीत. आपल्याकडे हे नेहमीचंच. कोर्टाचा हुकूमनामा खिशात असताना माणसं पुन्हा बैठकीला बसतात, आणि समोरच्याला तेवढा वेळ फुकटात मिळतो.

फुकटात हा शब्द मी मुद्दाम वापरते. तडजोडपत्रात मी व्याजाचं कलम घातलं नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यात पुढच्या व्याजाबद्दल काही लिहिलेलं नसेल, तर ते नाकारलं असं धरलं जातं आणि त्यासाठी वेगळा दावाही लावता येत नाही. म्हणजे मालकांना १४ लाख बिनव्याजी वापरायला मिळाले होते. ज्या गावात महिन्याला शेकडा तीननं पैसे फिरतात तिथे असा माणूस घाई कशाला करील?

आता अवमानाकडे येऊ.

न्यायालय अवमान अधिनियम १९७१ मध्ये दिवाणी अवमानाची व्याख्या कलम २ (ब) मध्ये आहे. न्यायालयाचा निर्णय, हुकूमनामा, आदेश जाणूनबुजून न पाळणं किंवा न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणं, हे दोन्ही त्यात येतं. शिक्षा कलम १२ मध्ये: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयाच्या आदेशाचा अवमान झाला तर शिक्षेचा अधिकार कलम १० नुसार उच्च न्यायालयाचा, म्हणजे मराठवाड्यातल्या माणसासाठी औरंगाबाद खंडपीठाचा. मुदत कलम २० मध्ये: अवमान घडल्यापासून एक वर्ष.

मामांना यातलं "हुकूमनामा न पाळणं" एवढंच माहीत होतं आणि ते चूक नव्हतं. पण पैशाचा हुकूमनामा थकला की प्रत्येक वेळी अवमानाची दारं उघडत नाहीत. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्तीचा, म्हणजे त्यासाठीच्या वेगळ्या अर्जाचा, रस्ता असताना अवमानाचा वापर वसुलीसाठी करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ च्या कपिलदेव प्रसाद साह प्रकरणात बजावलं आहे. त्याआधी १९७९ मध्ये बाबूराम गुप्ता विरुद्ध सुधीर भसीन या प्रकरणात आणखी बारीक मुद्दा निघाला होता: पक्षकारांच्या संमतीनं झालेला आदेश वेगळा आणि पक्षकारानं न्यायालयाला दिलेली हमी वेगळी. संमतीनं कबूल केलेली गोष्ट केली नाही, तर समोरच्या पक्षकाराशी केलेला करार मोडला; न्यायालयाचा शब्द मोडला असं आपोआप होत नाही. पुढे २००६ मध्ये रमा नारंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की आदेशाची अंमलबजावणी दरखास्तीनं होऊ शकते, एवढ्याच कारणानं अवमानाचा अधिकार संपत नाही. तेव्हा दार बंद नाही, पण उंबरा उंच आहे. आणि तो ओलांडायला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती हमी.

आमच्या तडजोडपत्रातलं वाक्य असं होतं: "अर्जदार क्र. १ हे अर्जदार क्र. २ यांना उर्वरित रक्कम रु. १५,००,०००/- खालील दोन हप्त्यांत देतील." देतील. कोणाला? ताईंना. "न्यायालयास हमी देतात" हे शब्द नव्हते, आणि न्यायाधीशांनीही रोजनाम्यात (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) तसं काही लिहिलं नव्हतं. गोडीनं मिटतंय म्हटल्यावर मीही जास्त ताणलं नव्हतं.

मुदतीचा हिशेबही बघितला. घर आणि ७ लाखांच्या हप्त्यासाठी वर्ष उलटून गेलं होतं. ८ लाखांच्या हप्त्याला चार महिने शिल्लक होते. पैसे थकलेत म्हणजे अवमान रोज नव्यानं घडतोय, असा युक्तिवाद करणारे वकील आहेत. मी त्याच्या भरवशावर पक्षकाराला खंडपीठात पाठवत नाही.

मामांना मी एवढंच म्हटलं, "आत्ता अवमान टाकला तर पहिल्याच तारखेला सांगतील, दरखास्त करा. मग मालक गावात सांगत फिरतील की कोर्टानं बाईची केस फेकली." हे मात्र त्यांना पटलं. कायद्यापेक्षा गावातली चर्चा लवकर कळते.

भाऊ तरी दारातून म्हणालाच, "आमच्या शेजारणीनं तर दोन महिन्यांत वॉरंट काढलं." ते वॉरंट मासिक पोटगीचं होतं. जुन्या कलम १२५ ची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ची पोटगी थकली तर न्यायदंडाधिकारी वॉरंट काढतात आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतात. एकरकमी तडजोडीला तो रस्ता नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २८-अ सांगतं की या कायद्याखालचे हुकूमनामे इतर दिवाणी हुकूमनाम्यांसारखेच अमलात आणायचे. म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, म्हणजे दरखास्त. तिला मुदत बारा वर्षांची, हा त्यातल्या त्यात दिलासा.

एप्रिलमध्ये दरखास्त दाखल केली.

दरखास्तीत पहिलं काम मालमत्ता शोधायचं. आदेश २१ नियम ४१ खाली ऋणकोला, म्हणजे पैसे देणं असलेल्याला, आपल्या मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावता येतं. दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. मालक नोटिशीलाच सापडेनात. कोर्टाचा बेलिफ नोटीस घेऊन गेला की आई सांगायची, मुलगा पुण्याला गेलाय. दाराला नोटीस डकवून झाली. तोवर सातबारा काढला: अकरा एकर, आई, दोन भाऊ आणि बहीण यांची नावं सामाईक. गावातलं राहतं घर शेतकऱ्याचं, ते त्याच संहितेच्या कलम ६० मुळे जप्तीतून सुटतं. मालकांच्या अविभक्त हिश्श्यावर नियम ५४ खाली जप्तीचा आदेश घेतला आणि तलाठ्याकडून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करून घेतली. जप्तीनंतर केलेली विक्री कलम ६४ प्रमाणे हुकूमनामाधारकाविरुद्ध टिकत नाही, म्हणून ही नोंद महत्त्वाची. पण लगेच मालकांच्या धाकट्या भावाची हरकत आली: तोंडी वाटणी पंधरा वर्षांपूर्वीच झालेली आहे, जप्त केलेला तुकडा माझ्या वाट्याचा आहे. नियम ५८ ची हरकत म्हणजे दरखास्तीच्या पोटात वाढणारा आणखी एक दावाच. त्यावरचा निकाल हुकूमनाम्यासारखा धरतात, त्यावर अपीलही होतं. जमीन लिलावाला जाईल या आशेवर बसलो असतो तर अजून तिथेच असतो. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात सांगितलं आहे. आमची दरखास्त सहाव्या महिन्यात नोटीस बजावण्याच्याच टप्प्यावर होती.

दिवाणी कैदेचा विचारही केला. कलम ५१ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी ऋणकोला कैद करता येते, पण त्याच्याकडे ऐपत आहे आणि तरी तो देत नाही, किंवा त्यानं कपटानं मालमत्ता हलवली, असं काहीतरी दाखवावं लागतं. नुसतं गरीब असणं हा गुन्हा नाही, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात ठामपणे मांडलेलं आहे. कैद जास्तीत जास्त तीन महिने, सुटल्यावर कर्ज तसंच राहतं आणि त्याच हुकूमनाम्यात पुन्हा अटक होत नाही. आणि एक गोष्ट पक्षकाराला सांगताना मला दरवेळी जड जातं: कैदेतल्या ऋणकोचा जेवणाचा भत्ता हुकूमनामाधारकानं आगाऊ भरायचा असतो.

ताई हे ऐकून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"अकरा वर्सं मीच घातलं की जेवायला. आता कोर्टात पैशे भरून घालू?"

तो अर्ज आम्ही केला नाही.

गोष्ट हलली ती उसामुळे. मालकांच्या नावावर दीड एकर उसाची नोंद एका साखर कारखान्यात होती. पहिल्या हंगामात हे आमच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी ताईंच्या भावानं ऊसतोडीची टोळी शेतात आल्याचं बघून फोन केला. उसाचं बिल म्हणजे कारखान्याकडे असलेलं मालकांचं येणं, आणि तिसऱ्याकडे असलेलं येणं नियम ४६ आणि ४६-अ खाली जप्त करता येतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. प्रत्यक्षात उशीर होतो, आणि इथे तो उशीरच आमच्या कामी आला. बिल खात्यावर पडायच्या आधी कारखान्याच्या हिशेब विभागाला नोटीस पोहोचली. कारखान्यानं लेखी कळवलं की २ लाख ४० हजार देणं आहे, आणि ते कोर्टात भरले.

पुढच्या तारखेला मालक स्वतः हजर. पांढरा शर्ट, सोबत वकील आणि तेच चुलते.

त्यांच्या वकिलांनी हस्तांदोलन करून एक पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं साधं लेखी निवेदन, पुढे केली: "ऋणको उर्वरित रक्कम देण्यास तयार असून मुदत मिळावी." शिल्लक तेव्हा ११ लाख ६० हजार होती. मी म्हटलं, मुदतीला हरकत नाही, पण पुरसिस चालणार नाही, हमीपत्र द्या. ते हसले, "मॅडम, एकच आहे ना सगळं." मी एका कागदावर हातानं मसुदा लिहून दिला. तो जसाच्या तसा इथे देते, कारण या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा कागद तोच:

"मी, ऋणको, या मा. न्यायालयास हमी देतो की, मी रु. ५,८०,०००/- दिनांक ३१ मे पर्यंत व रु. ५,८०,०००/- दिनांक ३१ ऑक्टोबर पर्यंत या न्यायालयात जमा करीन. सदर हमीच्या आधारे मा. न्यायालयाने माझ्याविरुद्धची पुढील कार्यवाही स्थगित ठेवावी. हमीचा भंग झाल्यास तो न्यायालयाचा अवमान ठरेल याची मला पूर्ण जाणीव आहे."

त्याला शपथपत्राचं रूप दिलं. न्यायाधीशांनी मालकांना समोर बोलावून विचारलं, "काय लिहिलंय ते समजलं का? वाचून सही केली?" "हो साहेब." रोजनाम्यात ओळ पडली: हमीपत्र स्वीकारले, त्या आधारे कार्यवाही तहकूब. ही ओळ नसती तर तो कागद फायलीत नुसता पडून राहिला असता. हमी देणं पुरत नाही. न्यायालयानं ती स्वीकारून तिच्या भरवशावर काहीतरी केलेलं दिसायला हवं. मी त्याच दिवशी रोजनाम्याच्या आणि हमीपत्राच्या नकलेसाठी अर्ज केला.

मे अखेर आले २ लाख. बाकीचे ३ लाख ८० हजार नाहीत. आणि जूनच्या मध्यावर ताईंच्या भावानं मोबाईलवर फोटो पाठवला: मालकांच्या अंगणात नवा ट्रॅक्टर, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही, पुढे झेंडूचा हार.

अवमानात सगळा खेळ "जाणूनबुजून" या शब्दाभोवती फिरतो. पैसे नव्हते म्हणून दिले नाहीत, तर अवमान नाही. पैसे होते आणि दुसरीकडे वळवले, तर आहे. फोटोनं एवढंच सिद्ध होतं की अंगणात ट्रॅक्टर उभा आहे. म्हणून दरखास्तीत अर्ज करून बँक खात्याचा उतारा मागवला. त्यात हप्ता थकल्यापासून अकराव्या दिवशी डीलरला २ लाख ७५ हजार गेलेले स्पष्ट दिसले.

ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठात अवमान याचिका दाखल झाली. याचिका लहान ठेवली. संसारात काय घडलं, सासूनं काय केलं, बैठकीत कोण काय बोललं, यातलं काही नाही. हमीपत्र, रोजनामा, न भरलेला हप्ता, बँकेचा उतारा. व्याज मागितलं नाही, कारण अवमानाचं न्यायालय मूळ आदेशाच्या पलीकडे काही देऊ शकत नाही. घराचा विषयही घातला नाही; त्याची हमी नव्हती आणि मुदतही गेली होती. मामांना हे आवडलं नाही. "सगळं एकदाच लिहा की," ते म्हणाले. पण अवमान याचिकेत जितकं जास्त लिहाल तितकी ती वसुलीचा दावा दिसायला लागते.

खंडपीठातलं काम तिथल्या एका सहकाऱ्याकडे दिलं होतं, पण ताईंना स्वतः यायचं होतं. रातराणीनं अंबाजोगाई, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत पहाटे पोहोचलो. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्ध आहे, तेव्हा दोघींचं मिळून एक तिकीट झालं, असं ताईंनी दोनदा सांगितलं. जालना रोडवर खंडपीठाच्या बाहेर चहा घेतला. आत सुनावणी चार मिनिटं चालली असेल. सगळं इंग्रजीत. ताईंनी बाहेर आल्यावर विचारलं, "झालं?" नोटीस निघाली होती.

मालकांचं उत्तर डिसेंबरमध्ये आलं. तोवर ऑक्टोबरचा हप्ताही चुकला होता. शपथपत्रात अतिवृष्टी, सोयाबीन पाण्यात गेलं, पंचनाम्याची प्रत, आईचं आजारपण. खोटं म्हणता येणार नाही. पावसानं सोयाबीन गेलं हे खरंच होतं, आमच्या शेजारच्या शिवारातही गेलं. पण सोयाबीन गेलं सप्टेंबरात आणि हप्ता होता मेचा. ट्रॅक्टरबद्दल लिहिलं होतं की तो शेतीसाठी अत्यावश्यक आहे. न्यायमूर्तींनी त्यांच्या वकिलांना विचारलं की न्यायालयाला दिलेल्या हमीपेक्षा अत्यावश्यक का? मग आदेश झाला: चार आठवड्यांत ४ लाख जमा करा, नाहीतर पुढच्या तारखेला जातीनं हजर राहा.

४ लाख तिसऱ्या आठवड्यात जमा झाले. पुढच्या दोन तारखांना उरलेले ५ लाख ६० हजार. कुठून आले माहीत नाही. ट्रॅक्टर अजून अंगणात आहे असं भाऊ सांगतो. मालकांनी बिनशर्त माफीचं शपथपत्र दिलं. अवमान कायद्याच्या कलम १२ च्या परंतुकाप्रमाणे मनापासूनच्या माफीवर शिक्षा टाळता येते. सगळे पैसे भरले गेले आहेत म्हटल्यावर न्यायालयानं माफी स्वीकारली, नोटीस रद्द केली, याचिका निकाली काढली. मामांचा चेहरा पडला. त्यांना मालक आत गेलेले बघायचे होते.

माझं मत वेगळं आहे, पण ते सरळ नाही. अवमानानं पैसे वसूल झाले असं म्हणणं अर्धवट आहे. उसाचं बिल जप्त झालं नसतं तर मालक कोर्टात आले नसते, आले नसते तर हमी मिळाली नसती, हमी नसती तर खंडपीठात काही उभं राहिलं नसतं. दरखास्तीनं माणूस कोर्टात आणला आणि अवमानानं त्याला हलवलं. आणि हे सगळं ज्या एका ओळीवर उभं राहिलं, ती ओळ मूळ तडजोडपत्रात मी लिहिली असती तर ताईंची दोन वर्षं वाचली असती. हे मी त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या टायमाला मालक हमी देतो म्हणलेच नसते, मॅडम. मग सहीच झाली नसती." खरंही असेल. त्यांनी मला माफ करायला हे म्हटलं की त्यांना तसं वाटत होतं, मला अजून कळलेलं नाही.

राहिलं घर. तिथे अवमानाचा काहीच उपयोग नव्हता. मूळ अर्ज घराबद्दलचा नव्हताच, त्यामुळे नुसत्या हुकूमनाम्यावर मालकी बदलत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. ऋणको दस्त करून देत नसेल तर आदेश २१ नियम ३४ आहे: आपण दस्ताचा मसुदा कोर्टात द्यायचा, तो समोरच्याला बजावायचा, हरकती ऐकायच्या, आणि मग त्याच्या वतीनं न्यायालयच दस्त करून देतं. मालकांनी हरकत घेतली नाही, सहीलाही आले नाहीत.

इथे आणखी एक चूक उघडी पडली आणि तीही माझीच. महाराष्ट्रात निवासी घर पतीनं पत्नीला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. हुकूमनामा होण्याआधी, लग्न कायद्यानं टिकून असताना दस्त करून घेतला असता तर ताईंना ही सवलत मिळाली असती. आता त्या पत्नी नव्हत्या. शुल्क किती लागेल ते ठरवून घ्यायला मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी प्रकरण पाठवावं लागलं, आणि जे शुल्क निघालं ते ताईंनीच भरलं, कारण ते कोणी भरायचं हेही तडजोडपत्रात नव्हतं. आता माझ्या मसुद्यात घर असेल तर हुकूमनामा होण्याआधी दस्त, ड्राफ्टबरोबरच, अशी ओळ असते. मग व्याजाची ओळ आणि हमीची ओळ.

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्ताच्या दिवशी कोर्टाचे नाझरसाहेब आले, मालकांच्या नावापुढे न्यायालयाच्या वतीनं सही केली, फोटो काढला, अंगठा दिला. ताई स्क्रीनवरच्या त्या फोटोकडे बघत होत्या. देणाऱ्याच्या चौकटीत नाझरसाहेब, घेणाऱ्याच्या चौकटीत त्या.

"हे कायमचं असंच ऱ्हाणार का ओ?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं.

मग दरखास्तीत पूर्ण वसुलीची पुरसिस दिली, जप्तीची नोंद उतरवण्यासाठी तहसीलला पत्र गेलं, धाकट्या भावाची हरकत आपोआप निकाली निघाली. महापालिकेत नाव लावताना कळलं की घरपट्टी चार वर्षांची थकली आहे. ती भरल्याशिवाय नाव लागत नाही. ताईंनी पर्समधून पैसे मोजून काढले आणि पावतीवर माहेरचं आडनाव टाकायला सांगितलं.